क्लाउडवरचा व्यवसायाचा डेटा: विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा

क्लाउडवर डेटा ठेवणे म्हणजे व्यवसायाची माहिती कार्यालयातल्या संगणकाऐवजी दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर ठेवणे आणि इंटरनेटवरून ती वापरणे. सनदी लेखापालाकडच्या विवरणपत्रांच्या फायली, पतसंस्थेच्या सभासदांची केवायसी कागदपत्रे, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, एमआयडीसीतल्या कारखान्याचे पगारपत्रक अशी माहिती आता अनेकदा तिथेच असते. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, ॲमेझॉनने २०१६मध्ये आणि गूगलने २०१७मध्ये मुंबईत आपल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या व्यवसायाचा डेटा देशाबाहेर न पाठवताही क्लाउडवर ठेवण्याची सोय झाली.

माहिती दुसऱ्याच्या हाती सोपवताना मालकाला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. मात्र त्या धास्तीपोटी दोन टोकाचे निर्णय घेतले जातात. कोणी मोठ्या कंपनीचे नाव पाहून निर्धास्त होतो, तर कोणी सगळा डेटा काउंटरखालच्या संगणकावर ठेवून तोच सुरक्षित मानतो. दुसरा निर्णय बहुधा जास्त महागात पडतो. तो संगणक वेळेवर अपडेट होत नाही, त्याचा पासवर्ड सगळ्या कार्यालयाला ठाऊक असतो आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्यालाच जोडलेली असते. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर शिरले की मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही एकदमच हातचे जातात. क्लाउड कंपनीकडे चोवीस तास पाळत ठेवणारी माणसे असतात. ती नेमण्याची ऐपत लहान व्यवसायाची नसते. म्हणून क्लाउड घ्यावा की नाही, एवढ्यावर विचार थांबवून चालत नाही. कोणता भाग कोणी सांभाळायचा आणि तो खरोखर सांभाळला जातो आहे हे कशावरून कळते, हे पाहावे लागते.

जबाबदारीची हद्द

क्लाउड सेवा ढोबळमानाने तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात नुसता सर्व्हर आणि साठवणुकीची जागा भाड्याने मिळते. ऑपरेटिंग सिस्टिमपासून पुढचे सगळे व्यवसायाने पाहायचे असते. दुसऱ्यात सॉफ्टवेअर चालवण्याचे तयार व्यासपीठ मिळते. तिसऱ्यात ईमेल, हिशेब, पगार यांसारखे तयार सॉफ्टवेअरच ब्राउझरमधून वापरता येते. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाताना कंपनीची जबाबदारी वाढते आणि व्यवसायाची कमी होते. तरी कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणती माहिती तिथे ठेवायची, या दोन गोष्टी तिन्ही प्रकारांत व्यवसायाकडेच राहतात. औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला, की फाटकावरचा पहारेकरी आणि छप्पर वसाहतीचे, पण शटरचे कुलूप गाळेधारकाचे असते. तशीच ही विभागणी आहे.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात ही हद्द स्पष्ट दिसली. बँकेचा डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. मार्च २०१९मध्ये घुसखोराने बँकेने चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या फायरवॉलला फसवून सर्व्हरची तात्पुरती ओळखपत्रे मिळवली. त्या ओळखपत्रांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिलेले होते, त्यामुळे साठवणुकीतल्या फायलींची यादी पाहून त्या उतरवून घेता आल्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. बँकेला हे कळले जुलैमध्ये, तेही बाहेरच्या माणसाने ईमेल करून सांगितल्यावर. अमेरिकी नियामकाने २०२०मध्ये ८ कोटी डॉलरचा दंड केला. तो बँकेला झाला, ॲमेझॉनला नाही.

२०२४मध्ये स्नोफ्लेक या डेटा साठवणाऱ्या क्लाउड सेवेच्या ग्राहक कंपन्यांवर एकामागून एक घाव पडले. टिकेटमास्टर, सँटँडेर बँक आणि एटी अँड टी ही त्यातली मोठी नावे. तपास करणाऱ्या मँडियंट कंपनीने सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना दिली. स्नोफ्लेकची यंत्रणा कोणी फोडली नव्हती. ग्राहक कंपन्यांचे पासवर्ड आधीच चोरीला गेलेले होते, काही तर २०२०पासून, आणि इतक्या वर्षांत ते बदललेले नव्हते. काही पासवर्ड कंत्राटदारांच्या लॅपटॉपवरून गेले होते. त्याच लॅपटॉपवर गेम खेळले जात आणि चोरीची सॉफ्टवेअरेही उतरवली जात. ज्या खात्यांत शिरकाव झाला, त्यांना पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी लावलेली नव्हती. ओटीपीसारखा एवढा एक अडसर असता, तर यातले बहुतेक प्रयत्न दारातच अडले असते.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते, असा याचा अर्थ नाही. २०२३मध्ये चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या एका गटाने मायक्रोसॉफ्टची सही करण्याची एक डिजिटल किल्ली मिळवली आणि तिच्या आधारे अमेरिकी सरकारी खात्यांसह सुमारे २२ संस्थांचे ईमेल वाचले. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने २०२४च्या अहवालात हा प्रकार टाळता येण्याजोगा होता असे स्पष्ट म्हटले आणि कंपनीच्या सुरक्षेच्या संस्कृतीवरच बोट ठेवले. ही घुसखोरी मायक्रोसॉफ्टच्या नव्हे, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या लक्षात आली, कारण त्या खात्याने जास्त पैसे मोजून तपशीलवार लॉग घेतले होते आणि त्यांवर नजर ठेवली होती. ज्यांच्याकडे ते लॉग नव्हते, त्यांना आपले ईमेल वाचले गेल्याचे कळायला मार्गच नव्हता. पुढे कंपनीने हे लॉग अधिक ग्राहकांना खुले केले. कोण, कधी, कुठून आत आले याची नोंद मिळणार नसेल, तर ती सेवा कितीही नावाजलेली असली तरी अपुरी समजावी.

खाती, अधिकार आणि पासवर्ड

लहान व्यवसायात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे मुख्य खात्याची मालकी. संगणक बसवून देणारा किंवा वेबसाइट करून देणारा माणूस सगळी नोंदणी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर करतो. काम सुरळीत चालू असते तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्याशी व्यवहार तुटला, तो गाव सोडून गेला किंवा त्याचेच खाते चोरीला गेले, की आपल्याच डेटावर आपला ताबा नाही हे मालकाला कळते. म्हणून पहिले काम हे, की डोमेन, ईमेल आणि क्लाउडचे मुख्य खाते व्यवसायाच्या नावावर आहे का हे पाहावे. नसेल तर संबंध चांगले असतानाच ते बदलून घ्यावे. मुख्य खाते रोजच्या कामाला वापरू नये. त्याचा पासवर्ड आणि खाते परत मिळवण्याचे कोड लिहून तिजोरीत ठेवावेत आणि ते कुठे आहेत हे मालकाखेरीज आणखी एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावे.

दुसरी पडताळणी प्रत्येक खात्याला लावावी. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. पण सिमकार्डाची बनावट अदलाबदल करून तो पळवता येतो. मोबाइलमधले ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगले, आणि पासकी किंवा यूएसबीला लावायची सुरक्षा किल्ली सर्वांत भक्कम, कारण खोट्या वेबसाइटवर ती चालतच नाही. निदान मुख्य खात्यासाठी आणि हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी अशी किल्ली घेणे हा फार मोठा खर्च नाही.

एकच लॉगिन सगळ्यांनी वापरण्याची सवय मोडावी. पाच जण एकाच नावाने आत जात असतील, तर लॉग असून नसल्यासारखे होतात. ज्याला फक्त बिले करायची आहेत, त्याला पगारपत्रक दिसायला नको आणि डेटा पुसण्याचा अधिकार तर नकोच. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी, हिशेब चुकता करतानाच बंद करावे. बाहेरून येणाऱ्या हिशेबनिसाला वर्षअखेरीच्या कामासाठी दिलेला प्रवेश काम संपल्यावर काढून घ्यावा. तीन महिन्यांतून एकदा सगळ्या खात्यांची यादी छापून मालकाने स्वतः ओळ न ओळ पाहावी. या कामाला तांत्रिक ज्ञान लागत नाही. कोण आपल्याकडे काम करते, हे ठाऊक असले की पुरते.

‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशा पद्धतीने पाठवलेल्या फायली हा आणखी एक उघडा दरवाजा. एका ग्राहकाला त्याचे विवरणपत्र पाठवताना घाईत पूर्ण फोल्डरची लिंक जाते आणि ती वर्षानुवर्षे चालू राहते. ॲमेझॉनने एप्रिल २०२३पासून नव्या साठवणुकीचा सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, कारण चुकून उघडे राहिलेले साठे हे डेटा फुटण्याचे जुने कारण होते. जुन्या साठ्यांना आणि पाठवून झालेल्या लिंकांना मात्र ही काळजी आपोआप लागू होत नाही. त्या शोधून हाताने बंद कराव्या लागतात.

एन्क्रिप्शनचे आश्वासन

‘डेटा एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असते. ते खरेही असते. पण या एन्क्रिप्शनमुळे डेटा सेंटरमधली डिस्क कोणी काढून नेली, तरच डेटा सुरक्षित राहतो. चोरलेल्या पासवर्डने कोणी आत आले, तर यंत्रणा त्याला रीतसर वापरकर्ता समजून सगळे उलगडूनच दाखवते. म्हणून हा डेटा उलगडण्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावे. ती क्लाउड कंपनीकडे असेल, तर कंपनीला आणि कंपनीवर आदेश बजावू शकणाऱ्या सरकारला डेटा वाचता येतो. किल्ली व्यवसायाच्या ताब्यात ठेवण्याची सोय मोठ्या सेवांमध्ये असते. सर्वांत नाजूक फायली क्लाउडवर चढवण्याआधीच आपल्या संगणकावर एन्क्रिप्ट करण्याचा मार्गही आहे. तेव्हा कंपनीला आतले काही दिसत नाही. मात्र ती किल्ली हरवली तर डेटा कायमचा गेला, कोणालाही परत आणता येणार नाही. ती जोखीम पेलण्याची शिस्त नसेल, तर मोजक्याच फायलींपुरता हा मार्ग ठेवावा.

जो डेटा नाही, तो चोरीला जात नाही. हा उपाय फुकटचा असूनही सर्वांत कमी वापरला जातो. सोडून गेलेल्या ग्राहकांच्या आधार कार्डांच्या प्रती, कधीकाळी मुलाखतीला आलेल्या उमेदवारांचे अर्ज, भाडेकरूंची कागदपत्रे हा साठा कोणाच्या कामाचा नसतो, तरी धोका तेवढाच असतो. कायद्याने जितका काळ ठेवायचे बंधन आहे, तितकेच ठेवून बाकीचे पुसावे. आधारची पूर्ण प्रत लागत नसेल, तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार मागावे.

कायदा आणि करार

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. क्लाउडच्या दृष्टीने त्यातली कळीची तरतूद अशी, की ग्राहकाची माहिती ज्याने गोळा केली तोच तिला जबाबदार. प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली आणि करारात काहीही लिहिले, तरी ही जबाबदारी टळत नाही. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि डेटा फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नवउद्योगांना काही कलमांतून सूट देता येते, पण सुरक्षेचे कलम त्यात येत नाही. आर्थिक क्षेत्रात नियम आणखी कडक आहेत. देयक व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये दिला, तर माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर सोपवण्याबाबत एप्रिल २०२३मध्ये सविस्तर निर्देश काढले.

डेटा मुंबईत आहे म्हणजे तो फक्त भारतीय कायद्याच्या कक्षेत आहे, असे मात्र नाही. अमेरिकेच्या २०१८च्या क्लाउड ॲक्टनुसार अमेरिकी कंपनीला तिच्या ताब्यातला डेटा, तो जगात कुठेही असला तरी, योग्य आदेश आल्यावर द्यावा लागतो. परदेशी कायद्याचा फटका वेगळ्या रीतीनेही बसू शकतो. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, परवाने चालू होते, तरी कर्मचाऱ्यांना आपलेच ईमेल उघडेनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. अशी वेळ सामान्य व्यवसायावर येणे दुर्मीळ. पण कंपनी कोणत्या कारणांनी आणि किती दिवसांच्या सूचनेवर सेवा थांबवू शकते, ते कलम करारात शोधून वाचावेच.

करारातल्या इतर बाबींपैकी चार प्रत्यक्षात उपयोगी पडतात. डेटा फुटल्यास कंपनी किती तासांत कळवेल, हे आकड्यात लिहिलेले असावे. काम आणखी कोणत्या उपकंत्राटदारांकडे सोपवले जाते, त्यांची यादी मिळावी. नुकसानभरपाईची मर्यादा पाहावी. ती अनेकदा वर्षभराच्या शुल्काएवढीच असते, म्हणजे खऱ्या नुकसानीच्या मानाने किरकोळ. आणि सेवा सोडताना डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, तो किती दिवस उपलब्ध राहील आणि नंतर पुसल्याचे लेखी मिळेल का, हे आधीच ठरलेले असावे. मोठ्या कंपन्या लहान ग्राहकासाठी करार बदलत नाहीत हे खरे, पण काय मिळणार नाही हे आधी कळले तर तसा बंदोबस्त करता येतो.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. आयएसओ २७००१ हे सुरक्षा व्यवस्थापनाचे, २७०१७ क्लाउडच्या नियंत्रणांचे आणि २७०१८ क्लाउडमधल्या वैयक्तिक माहितीचे मानक आहे. सॉक २ अहवालाचा पहिला प्रकार एका दिवसाची स्थिती सांगतो, तर दुसरा प्रकार काही महिने नियंत्रणे खरोखर पाळली गेली का ते तपासतो, दुसराच मागावा. प्रमाणपत्रावरची तारीख आणि व्याप्ती वाचावी. स्थानिक विक्रेता अनेकदा स्वतः ज्या मोठ्या कंपनीकडून सर्व्हर घेतो, तिचेच प्रमाणपत्र दाखवतो. ‘क्लाउडवर टॅली’ देणाऱ्या लहान पुरवठादारांच्या बाबतीत हे विशेष तपासावे. सर्व्हर कोणाचे, एका सर्व्हरवर किती व्यवसाय बसवले आहेत आणि बॅकअप कोण घेतो, या प्रश्नांना लेखी उत्तर न देणाऱ्याकडे हिशेबाची वही सोपवू नये.

सामायिक पुरवठादाराचा धोका महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयक व्यवस्थेपासून तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार अडले. यात त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली असण्याची गरजच नव्हती.

बॅकअप दुसऱ्या घरी

कोड स्पेसेस ही सॉफ्टवेअर साठवणारी कंपनी जून २०१४मध्ये जवळपास एका दिवसात संपली. हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन खात्याचे नियंत्रण मिळवले, खंडणी मागितली आणि कंपनीने ताबा परत घ्यायचा प्रयत्न करताच डेटा पुसायला सुरुवात केली. बॅकअप होते, पण त्याच खात्यात. तेही पुसले गेले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांची बॅकअपची प्रत तिथेच होती, त्यांचा डेटा कायमचा गेला.

याउलट मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचे झाले. गूगल क्लाउडमधल्या एका चुकीच्या नोंदीमुळे त्याचा एक खासगी क्लाउड पुसला गेला. आठवड्याहून अधिक काळ सभासदांना आपली खाती पाहता आली नाहीत. तरी निधी सावरला, आणि त्यात दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचाही वाटा होता.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम त्यामुळे क्लाउडलाही लागू करावा, आणि ‘दुसरे ठिकाण’ म्हणजे वेगळी कंपनी, वेगळे खाते, वेगळा पासवर्ड असा अर्थ घ्यावा. शक्य तिथे ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता न येणारा बॅकअप निवडावा. फाइल सिंक होणे म्हणजे बॅकअप नव्हे; इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. वर्षातून दोनदा तरी बॅकअपमधून डेटा खरोखर उतरवून तो उघडतो का ते पाहावे. ऑडिटच्या आधीचा आठवडा त्यासाठी सोयीचा असतो.

डेटा फुटल्यावर

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात. डेटा संरक्षण कायद्याच्या नव्या नियमांप्रमाणे डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवून ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची आहे आणि बाधित व्यक्तींनाही सांगायचे आहे. सहा तासांत धावपळ करून दूरध्वनी क्रमांक शोधणे जमत नाही. क्लाउड कंपनीचा तातडीचा संपर्क, वकील, विमा कंपनी आणि तांत्रिक मदतनीस यांचे क्रमांक कागदावर आधीच छापलेले असावेत, कारण त्या वेळी संगणक उघडेलच असे नाही.

घाबरून सर्व्हर पुसून नव्याने बसवू नये. त्याबरोबर पुरावाही जातो. आधी चोरलेली वाटणारी खाती बंद करावीत, सर्व लॉगिन तोडून पासवर्ड व किल्ल्या बदलाव्यात, लॉगची प्रत वेगळी काढावी आणि सर्व्हर नेटवर्कपासून तोडून तसाच ठेवावा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. ग्राहकांना पाठवायचे पत्र साध्या मराठीत, एका पानात असावे. कोणती माहिती गेली, कधी गेली, व्यवसायाने काय केले, ग्राहकाने आता काय करावे आणि शंका विचारायला कोणत्या क्रमांकावर कोण भेटेल, एवढे त्यात यावे. तपास पूर्ण झाला नसेल तर तसे लिहावे आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार, तेही त्याच पत्रात सांगावे.